टायटॅनियमची सायकल : एका निवडीचा इतिहास

आमचे एक स्नेही महाविद्यालयात मराठी शिकवतात. वय ५४. गेली आठ-दहा वर्षे त्यांना लांब पल्ल्याच्या सायकलस्वारीचा नाद लागला आहे. दोनशे, तीनशे किलोमीटरची अंतरे ते ठरलेल्या वेळेत पार करतात आणि सोमवारी पहिल्या तासाला वर्गावर हजर असतात. गेल्या पावसाळ्यात त्यांनी मनाशी एक ठरवले. आयुष्यातली शेवटची सायकल घ्यायची, ती आपल्या मापाने बांधून घ्यायची आणि तिची फ्रेम टायटॅनियमची असावी. कारागिराने त्यांच्याकडे मागणीपत्रक पाठवले. त्यात वीसेक रकाने होते : मिश्रधातू कोणता, नळ्यांचा व्यास किती, भिंतीची जाडी किती, पुढच्या नळीचा कोन किती, पेडलांच्या आसाची बैठक आट्याची की दाबून बसवलेली. ते पत्रक घेऊन ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, "तुम्ही लोक प्रत्येक गोष्टीचा इतिहास सांगता, आता यातले काय निवडू ते सांगा."

प्रश्न व्यवहाराचा होता आणि त्यात त्यांची काही वर्षांची बचत गुंतलेली होती. तरीही आम्हांला उत्तर इतिहासातूनच सापडले. त्या पत्रकातला जवळजवळ प्रत्येक रकाना म्हणजे पूर्वी कोणीतरी केलेल्या चुकीची दुरुस्ती आहे, असे आमच्या लक्षात आले. चिकित्सक आवृत्तीच्या तळटीपा वाचणाऱ्याला ज्याप्रमाणे पाठाच्या मागची शतके दिसू लागतात, त्याप्रमाणे हा कागद वाचता येतो. तो वाचण्याचा हा प्रयत्न आहे.

आरंभ धातूपासून करू. इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात विल्यम ग्रेगर नावाचे एक धर्मोपदेशक होते. फावल्या वेळी ते खनिजे तपासत. मॅनाकन गावाजवळच्या ओढ्यातली काळी, चुंबकाला चिकटणारी रेती त्यांनी तपासली आणि तिच्यात आजवर अज्ञात असलेल्या एका धातूचे ऑक्साइड आहे असे १७९१ साली जाहीर केले. चार वर्षांनी, १७९५ मध्ये, बर्लिनच्या मार्टिन हाइनरिश क्लापरोट यांना रूटाइल या खनिजात तेच द्रव्य स्वतंत्रपणे आढळले. नाव ठेवले ते क्लापरोट यांनी. पदार्थाचे गुणधर्म पुरते माहीत नसताना गुणवाचक नाव दिले तर ते पुढे दिशाभूल करते, अशी त्यांची भूमिका होती. म्हणून त्यांनी ग्रीक पुराणातल्या पृथ्वीपुत्रांचे, टायटनांचे, नाव उसने घेतले. नावाने काहीच सांगू नये म्हणून जे निवडले, त्याच नावाने पुढे जाहिरातदारांना हवे ते सर्व सांगण्याची सोय करून दिली. अर्थनिर्णयाच्या अभ्यासकांनी ही गंमत नोंदवून ठेवावी.

नाव मिळाले, पण धातू मिळायला आणखी ११५ वर्षे जावी लागली. तो दुर्मिळ मुळीच नाही. लोखंड, ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम यांच्या पाठोपाठ बांधकामाला उपयोगी असा भूकवचातला विपुल धातू तोच आहे. अडचण त्याच्या स्वभावात आहे. तापला की तो प्राणवायू, नायट्रोजन, कार्बन, जे भेटेल ते स्वतःत सामावून घेतो आणि ठिसूळ होतो. लोखंडाप्रमाणे कोळशाच्या भट्टीत तो गाळता येत नाही. १९१० साली अमेरिकेतल्या रेन्सेलर पॉलिटेक्निक संस्थेत मॅथ्यू हंटर यांनी पोलादी बंद भांड्यात टायटॅनियम टेट्राक्लोराइडवर सोडियमची क्रिया करून पहिल्यांदा शुद्ध धातू काढला. लक्झेंबर्गचे विल्यम क्रोल यांनी १९३०-४० च्या दशकात सोडियमऐवजी मॅग्नेशियम वापरण्याची रीत सिद्ध केली. १९४० मध्ये ते युरोपातून अमेरिकेत गेले. त्यांच्या रीतीने १९४८ साली तेथे व्यापारी उत्पादन सुरू झाले आणि आजही जगातला बहुतेक टायटॅनियम त्याच रीतीने तयार होतो. एकेक घाण मॅग्नेशियमसह तापवायचा, दिवसेंदिवस ठेवायचा, थंड करायचा आणि भांड्याला चिकटलेला सच्छिद्र 'स्पंज' फोडून काढायचा, अशी ती वेळखाऊ आणि इंधनखाऊ प्रक्रिया आहे. आमच्या स्नेह्यांच्या पत्रकातल्या किमतीच्या आकड्याचे पहिले स्पष्टीकरण येथे मिळते.

एवढा खर्च सोसणारे गिऱ्हाईक कोण असणार? अर्थात युद्धखाते. पोलादाच्या जवळपास बळ, वजन मात्र निम्म्याहून थोडे अधिक, शिवाय उष्णता सोसण्याची क्षमता, हे गुण विमानांना हवे होते. १९६२ साली अमेरिकेचे ए-१२ हे टेहळणी विमान आणि १९६४ च्या डिसेंबरात त्याच कुळातले एसआर-७१ आकाशात उडाले. दोन्हींचे सांगाडे बहुतांशी टायटॅनियमचे होते. या विमानांसाठी लागणारा कच्चा माल अमेरिकेने मध्यस्थ कंपन्यांच्या आडून सोव्हिएत संघाकडूनच मिळवला होता. ज्या देशावर पाळत ठेवायची, त्याच देशाच्या मातीतून पाळतीचे विमान घडले. तिकडे सोव्हिएत संघानेही टायटॅनियमच्या पाणबुड्या बांधल्या. सायकलीच्या दृष्टीने मात्र या सर्व खटाटोपातली एकच वस्तू महत्त्वाची ठरली. विमानात द्रवदाब वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांसाठी तीन टक्के ॲल्युमिनियम आणि अडीच टक्के व्हॅनेडियम असलेला एक मिश्रधातू वापरात आला होता. त्याच्या बिनसांध्याच्या नळ्या ओढता येत. पत्रकातल्या 'मिश्रधातू' या रकान्यात '३-२.५' असा जो आकडा छापलेला असतो, तो या विमानी नळ्यांचा वारसा आहे.

आता सायकलीकडे वळू. जॉन केम्प स्टार्ली यांची 'रोव्हर' १८८५ साली आली. दोन समान चाके आणि मागच्या चाकाला चेनने मिळणारी गती ही रचना तिने रूढ केली. तिच्या पाठोपाठ थोड्याच वर्षांत दोन त्रिकोण जोडून होणारी चौकट स्थिर झाली. १८९७ मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनी टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशा नळीचे पेटंट घेतले, कारण ताण येतो तो सांध्यापाशी. १९३५ साली त्याच घराण्याच्या कारखान्याने '५३१' या नावाची पोलादी नळी बाजारात आणली आणि पुढची चाळीस वर्षे शर्यतीच्या सायकलीचे व्याकरण तिने ठरवले. आडव्या नळीचा व्यास सुमारे २५.४ मिलिमीटर, खालच्या तिरक्या नळीचा २८.६. ही मापे पोलादाला अनुसरून ठरली होती. परंतु अनेक दशकांच्या सवयीने ती सायकलीचीच मापे वाटू लागली.

१९७० च्या दशकात टायटॅनियम सायकलीत आला तेव्हा या सवयीनेच त्याचा घात केला. बर्मिंगहॅमच्या स्पीडवेल कंपनीने टायटॅनियमच्या फ्रेम बांधल्या. कॅलिफोर्नियात टेलिडाइन या विमान-उद्योगातल्या समूहाने 'टायटन' नावाची फ्रेम विकली. १९७३ च्या टूर द फ्रान्समध्ये स्पेनच्या लुइस ओकान्या याने काही डोंगरी टप्प्यांत स्पीडवेलची हलकी फ्रेम वापरली आणि बर्नार तेव्हने याला १५ मिनिटे ५१ सेकंदांनी मागे टाकून ती टूर जिंकली. दोन वर्षांपूर्वी, १९७१ मध्ये, पिवळी जर्सी अंगावर असताना पिरेनीजमधल्या मेंते घाटाच्या उतारावर तो पावसात कोसळला होता. त्या पार्श्वभूमीवर हा विजय मोठा होता. परंतु यावरून फ्रेमचे श्रेष्ठत्व सिद्ध झाले असे म्हणता येत नाही. या पहिल्या पिढीच्या फ्रेम लवचीक असल्याची तक्रार होती. टेलिडाइनची फ्रेम मिश्रधातूची नव्हे, शुद्ध टायटॅनियमची होती. तिच्या काहींना तडे गेले आणि तिचे उत्पादन त्याच दशकात थांबले.

चूक कोठे झाली? टायटॅनियमची ताठरता पोलादाच्या जवळपास निम्मी असते. पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक सुमारे २०० गिगापास्कल धरला, तर टायटॅनियमचा १०० ते ११० च्या आसपास येतो. म्हणजे पोलादाच्याच व्यासाची आणि जाडीची नळी घेतली तर ती दुप्पट वाकणार. यावरचा उपाय साधा आहे. पातळ भिंतीच्या नळीचा ताठपणा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी तीच ठेवून व्यास २६ टक्क्यांनी वाढवला की ताठपणा दुप्पट होतो. म्हणजे २८.६ मिलिमीटरची नळी ३६ ची करावी. घनता ७.८५ वरून ४.५ वर उतरलेली असल्यामुळे, नळी रुंद होऊनही तिचे वजन पोलादी नळीच्या ७२ टक्केच भरते. हे गणित कोणत्याही अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला सुटेल. तरीही पहिल्या पिढीने नव्या धातूला जुन्या धातूचा साचा दिला. वाङ्मयाच्या अभ्यासकांना हे दृश्य अपरिचित नसावे. उसनी वृत्ते आणि उसने साचे यांत नवा आशय कोंबण्याचे प्रयोग आपल्याकडेही झाले, आणि दोष मात्र बहुधा आशयाला दिला गेला.

साचा मोडण्याचे धैर्य दुसऱ्या धातूच्या निमित्ताने आले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकलेल्या गॅरी क्लाइन यांनी १९७० च्या दशकात ॲल्युमिनियमच्या जाडजूड व्यासाच्या फ्रेम बांधल्या. ॲल्युमिनियमची ताठरता पोलादाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, म्हणून तेथे रुंद नळीवाचून गत्यंतरच नव्हते. डोळ्यांना रुंद नळीची सवय झाली. त्यानंतर १९८६ साली मॅसॅच्युसेट्समध्ये 'मर्लिन' आणि टेनेसीत लिन्स्की कुटुंबाच्या यंत्रशाळेतून 'लाइटस्पीड' असे दोन कारखाने उभे राहिले. त्यांनी '३-२.५' हा विमानी नळ्यांचा मिश्रधातू घेतला, व्यास वाढवले आणि आर्गॉन वायूच्या आवरणाखाली सांधे वितळवून जोडण्याची रीत सायकलीसाठी रुळवली. टायटॅनियमची सायकल खऱ्या अर्थाने येथून सुरू होते.

त्याच वर्षी, १९८६ च्या जुलैत, ग्रेग लेमाँ याने कार्बन तंतूंच्या नळ्यांच्या फ्रेमवर टूर द फ्रान्स जिंकली. म्हणजे टायटॅनियमला सायकलीतला आपला आकार सापडला त्याच वर्षी त्याला शर्यतीतून बाहेर काढणाऱ्या द्रव्याचेही आगमन झाले. कार्बन अधिक हलका होता आणि साच्यात हवा तसा घालता येत होता. १९९० च्या दशकात टायटॅनियमने शर्यतीत थोडे वैभव पाहिले. नंतर मैदान कार्बनचे झाले. परंतु साच्याचा एक तोटा असतो. साचा महाग असतो, म्हणून ठरावीक मापे पुन्हा पुन्हा काढावी लागतात. टायटॅनियमच्या नळ्या मात्र एकेका माणसासाठी कापता येतात. शर्यत हरलेला धातू अशा प्रकारे मापाने बांधणाऱ्या छोट्या कारागिरांच्या हाती गेला. आज अमेरिका आणि युरोपातल्या लहान शाळांपासून चीनमधल्या बाओजीसारख्या टायटॅनियमच्या शहरापर्यंत अशा फ्रेम बांधल्या जातात. आमच्या स्नेह्यांना आपल्या मापाची फ्रेम मागता येते, याचे कारण या पराभवात आहे.

हा इतिहास ध्यानात घेतला की पत्रक बोलू लागते. मिश्रधातूच्या रकान्यात '३-२.५' पुरेसा आहे. '६-४' हा अधिक बळकट, पण त्याच्या नळ्या बहुधा पत्रा गुंडाळून जोडलेल्या असतात. चाकाच्या आसाची टोके, केबलचे कान अशा लहान भागांत तो शोभतो. नळ्यांचा व्यास स्वाराच्या वजनावर ठरवावा. ६२ किलोच्या प्राध्यापकांना ८५ किलोच्या धावपटूची नळी नको. पेडलांच्या आसाची बैठक आट्यांचीच असावी. दाबून बसवलेल्या बैठकीला फार अचूक गोलाई लागते आणि ती चुकली की कुरकुर कायमची मागे लागते. मडगार्डसाठी डोळे आणि ३२ मिलिमीटरचे टायर मावतील एवढी जागा असावी, कारण आपल्या रस्त्यांवर ते लागणारच. कारागिराला एक प्रश्न अवश्य विचारावा : सांधा जोडताना नळीच्या आतूनही आर्गॉन सोडता का? वितळलेल्या टायटॅनियमला हवा लागली तर सांधा ठिसूळ होतो. सांध्याचा रंग चांदीसारखा किंवा फिकट गवती असेल तर ठीक. निळा किंवा राखाडी दिसला तर संशय घ्यावा. ग्रेगर आणि हंटर यांना ज्या स्वभावाने छळले, तोच हा स्वभाव. तो फक्त आता पोलादी भांड्यातून सांध्याच्या दोन मिलिमीटर पट्टीत आला आहे.

दोन आख्यायिकांविषयीही बोलणे अगत्याचे आहे. पहिली अशी की टायटॅनियमची सायकल जादूसारखी मऊ चालते. दोन त्रिकोणांची चौकट उभ्या दिशेने फारच थोडी दबते. स्वाराला जो मऊपणा जाणवतो त्यात टायरची रुंदी, त्यातला हवेचा दाब आणि सीटची दांडी यांचा वाटा कितीतरी मोठा आहे. पहिल्या पिढीचा लवचीकपणा हा दोष होता. पुढे तोच सुधारून, गुण म्हणून विकला गेला. दुसरी आख्यायिका 'आयुष्यभराच्या फ्रेमची'. हा धातू गंजत नाही हे खरे. त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ थर आपोआप धरतो आणि कोकणच्या खाऱ्या हवेतही तो टिकतो. परंतु वाईट सांधा तडकतो, आणि आयुष्यभराची हमी देणाऱ्या कंपनीचे आयुष्य किती, हे कोणी सांगत नाही. टेलिडाइनच्या फ्रेम काही जणांकडे आज आहेत, पण त्या बांधणारी शाखा त्या कामातून कधीच बाहेर पडली. मर्लिन १९९८ पासून या मालकाकडून त्या मालकाकडे गेली आणि मॅसॅच्युसेट्स सोडून टेनेसीत पोचली. म्हणून आम्ही स्नेह्यांना सांगितले, हमीच्या कागदापेक्षा दुरुस्ती करू शकणारा माणूस जवळ असण्याला महत्त्व द्या.

येथवर त्यांना सर्व पटले. नंतर आम्ही एक प्रश्न काढला, त्यावर ते बराच वेळ गप्प राहिले. ही माती येते कोठून?

१९०९ साली शोम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या रेतीत मोनाझाइट सापडले. गॅसबत्तीच्या जाळीसाठी लागणारे थोरियम त्यात होते. त्याच रेतीतले काळे इल्मेनाइट तेव्हा टाकाऊ समजले जाई. पुढे पांढऱ्या रंगासाठी त्याला मागणी आली आणि दुसऱ्या महायुद्धापूर्वी त्रावणकोर हा जगातला इल्मेनाइटचा फार मोठा पुरवठादार बनला. आजही टायटॅनियमच्या खनिजाचा ९० टक्क्यांहून अधिक भाग धातूसाठी जात नाही, तो रंगात, कागदात, प्लास्टिकात जातो. आम्ही ज्या भिंतीकडे पाहत हे लिहीत आहोत, तिच्या पांढरेपणातही तो आहे. केरळमध्ये कोल्लमजवळ चवरा येथे २०११ साली वर्षाला ५०० टन क्षमतेचा टायटॅनियम स्पंजचा कारखाना सुरू झाला. त्याचे प्रयोजन अवकाश आणि संरक्षण हे होते. त्याच किनाऱ्यावरच्या आलप्पाड गावाने रेतीउपशामुळे आपली जमीन समुद्रात चालली आहे असे सांगत २०१८-१९ मध्ये आंदोलन केले. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर, मालगुंडपासून पूर्णगडपर्यंतच्या पुळणींत, दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिजून आलेले हेच इल्मेनाइट आहे. भाट्ये किंवा काळबादेवीला अनवाणी चाललेल्या माणसाच्या टाचांना लागलेली काळी रेती ती हीच.

आमच्या स्नेह्यांची फ्रेम रत्नागिरीच्या रेतीतून होणार नाही, हे उघड आहे. दीड किलोच्या फ्रेमने कोणाचा किनारा खचणार नाही, हेही खरे. परंतु जी वस्तू 'शुद्ध', 'चिरंतन' अशा विशेषणांनी विकली जाते, तिचा उगम एका टेहळणी विमानात आणि एका खचणाऱ्या किनाऱ्यात आहे, हे माहीत असून निवडणे आणि माहीत नसताना निवडणे यांत फरक आहे. तो फरक किमतीत दिसत नाही. वस्तू किती काळ वापरायची, याच्या निश्चयात मात्र दिसू शकतो. एवढ्या सायासाने मातीपासून वेगळा केलेला धातू पाच वर्षांत बदलण्यासाठी घेणे हा अपव्यय होय.

आणि येथेच त्यांची खरी अडचण उभी राहिली. त्यांच्या घरी वडिलांची काळी, उंच, पोलादी सायकल आहे. जागोजागी गंजली आहे, ब्रेक दांडीचे आहेत. ती कोणाच्याच मापाची नव्हती, म्हणून सर्वांची होती. वडिलांनी ती चालवली, काकांनी चालवली, यांनी आधी नळीखालून पाय घालून आणि मग दांडीवरून टांग टाकून ती शिकली, आणि धाकटी बहीण मागच्या कॅरिअरवर बसून शाळेत गेली. मापाने बांधलेली फ्रेम पन्नास वर्षे टिकेल, पण ती बसेल एकाच शरीराला. ते शरीर पन्नास वर्षे टिकणार नाही. टिकेल तितकी वर्षेही ते तसेच राहणार नाही. धातूचे आयुष्य आणि माणसाचे माप यांचा हा बेमेळ पत्रकातल्या कोणत्याही रकान्यात नाही.

आम्ही त्यांना घ्या किंवा घेऊ नका असे काहीच सांगितले नाही. आठवडाभराने त्यांनी भरलेले पत्रक आम्हांला दाखवले. धातू टायटॅनियमच, मिश्रधातू '३-२.५', बैठक आट्यांची, रंग नाही. पुढच्या नळीची उंची मात्र त्यांनी कारागिराने सुचवलेल्या मापापेक्षा २० मिलिमीटर अधिक मागितली होती. कारागिराने कळवले होते की आज एवढी उंची आपल्याला लागत नाही, आपली पाठ अजून चांगली वाकते. त्यावर स्नेह्यांनी समासात पेन्सिलीने एकच नोंद केली होती : माप ५४ चे नको, ७० चे घ्यावे.